दोन हप्त्यांची माफी

लाभार्थी क्रमांक एक. नाव : कु. एकता गजघाटे. वय : तीस. मूळ गाव : पवनी, जिल्हा भंडारा. सध्याचा पत्ता : चोआ चू कांग, सिंगापूर. व्यवसाय : प्रोसेस इंजिनिअर, जुरोंग आयलंड. कौटुंबिक पार्श्वभूमी : अत्यंत प्रतिकूल. साहाय्याचे स्वरूप : बिनव्याजी शैक्षणिक कर्ज, उर्वरित रक्कम निधीच्या दशकपूर्तीनिमित्त माफ. सद्यस्थिती : कर्जमुक्त. मनःस्थिती : भारावलेली.

पूर्वदीप विद्यार्थी निधीच्या वार्षिक अहवालात, पान सहावर, गुळगुळीत कागदावर हे असं छापलेलं आहे. शेजारी फोटो. फोटोत एकताच्या हातात टीपॉयएवढा पुठ्ठ्याचा चेक आहे. चेकवर रकमेच्या जागी आकडा नाही, ‘उर्वरित सर्व’ असे दोनच शब्द आहेत. एकताच्या चेहऱ्यावर जे काही आहे ते भारावलेपण आहे, असं समितीने एकमताने ठरवलं. तिला विचारलं असतं तर तिने वेगळा शब्द सांगितला असता; पण लाभार्थीला विचारायची पद्धत नव्हती.

पूर्वदीप हा काही वाईट माणसांचा गट नव्हे. तसं असतं तर सोपं झालं असतं. दहा वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईहून सिंगापूरला स्थिरावलेल्या काही आयटीतल्या मंडळींनी तो काढला. महाराष्ट्रातून इथे मास्टर्स करायला येणाऱ्याला अठरा हजार डॉलर द्यायचे. नोकरी लागली की त्याने महिन्याला पावणेचारशे, असे अठ्ठेचाळीस हप्ते भरायचे. आणि सगळे फेडून झाले की पुढच्या विद्यार्थ्याला जामीन राहायचं. ही शेवटची अट त्यांच्या नियमावलीतली सगळ्यात शहाणपणाची. ज्याने स्वतः फेडलंय, त्याचाच शब्द धरायचा.

एकताला जामीन राहिलेला संजीव आता मेलबर्नला असतो. तो जाताना एवढंच म्हणाला होता, “माझ्या वेळी एक अनोळखी माणूस उभा राहिला. तुझ्या वेळी मी. आता पुढचा तुझ्याकडे.” एकताने ते मनावर घेतलं. अगदी शब्दशः. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी पावणेसातला जुरोंग आयलंडची कंपनीची बस पकडायच्या आधी, ती फोनवरून हप्ता पाठवायची आणि मग चहा प्यायची. करोनाच्या काळात पगार कापला तेव्हाही चहाची ही वेळ बदलली नाही. चव बदलली, कारण दूध परवडत नव्हतं.

सेहेचाळीस हप्ते असे गेले. मे आणि जून, दोन उरले. पुढची कोण, तेही ठरलं होतं. पवनीची अंजली रामटेके. पाण्याच्या शुद्धीकरणात एमएस्सीला प्रवेश मिळालेला, निधीचा अर्ज भरलेला. तिने कॉलेजातली शिकवायची तात्पुरती नोकरी मार्चमध्ये सोडली ती एकताच्या एका वाक्यावर : “तू नोटीस दे. एक जूनला माझं संपतं. जामीन मी आहे.” जामिनाचे कागद तीस जूनपर्यंत द्यायचे होते. एक महिना हातात. एकताच्या कामात याला भरपूर मार्जिन म्हणतात.

आणि मग एप्रिलमध्ये निधीने तिला माफ केलं.

त्याचं झालं असं, की एका मोठ्या देणगीदार कंपनीने दशकपूर्तीला पैसे दिले आणि बदल्यात ‘परिवर्तनाची एक कहाणी’ मागितली. कहाणी म्हणजे कर्जमाफी, हे समितीला पाच मिनिटांत सुचलं. कोणाची, यावर सव्वा तास चर्चा झाली. कर्ज चालू असलेले दोघंच. एक निहार, सव्वीस हप्ते थकवलेला; निधीत हे सगळ्यांना ठाऊक. त्याला माफ केलं तर चुकीचा संदेश जाईल, असं ठरलं. दुसरी एकता. हिला माफ केलं तर योग्य संदेश जात होता, आणि साडेसातशे डॉलरमध्ये जात होता.

समारंभ चौदा एप्रिलच्या जवळच्या रविवारी ठेवला होता. एकता आणि तिच्या बसमधली चार-पाच मंडळी त्या दिवशी आपल्याकडच्या जयंतीच्या कार्यक्रमाला जाणार होती. पण निधीचा निरोप आला, ‘तुझी उपस्थिती अत्यावश्यक.’ म्हणून ती पांढरी साडी तशीच नेसून इकडे आली. अध्यक्ष श्रीनिवास धारप माइकवर म्हणाले, “बाबासाहेबांच्या जयंतीचं औचित्य साधून, आज आपण आपल्या एका भगिनीला कर्जाच्या जोखडातून मुक्त करतो आहोत.” टाळ्या. मग ते एकताच्या बालपणाकडे वळले. अंधार, दिव्याखालचा अभ्यास, अनवाणी पायपीट. एकताची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. घरात दोन ट्यूबलाइट होत्या, एकताला सायकल होती आणि बुटांवरून आईचा मार खाल्ल्याची आठवण होती, कारण ते ती शाळेत विसरून यायची. पण सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. तिथे उठून सायकलचा खुलासा करणं बरं दिसलं नसतं. ती उठली नाही. याचा राग तिला पुढे सगळ्यात जास्त आला. धारपांचा नव्हे, स्वतःचा.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन.

“एकता, मले खरं सांग. तुयं कर्ज थकलं होतं का?”

“नाही गं आई. कोण म्हणतं?”

“अख्खी पवनी म्हणून राह्यली. तुया तो फोटो फिरते ना मोबाइलवर. तो मोठा चेक. शेजारची विचारे, पोरीले झेपलं नाही वाटते परदेस? मी चार वर्सं दवाखान्यात सांगत होती, माह्या पोरीचा एक हप्ता चुकला नाही. आता कोन्या तोंडानं सांगू? माफ कोनाले करते? ज्याचं चुकलं त्याले ना?”

“त्यांनी चांगल्या भावनेनं केलं, आई.”

“भावना त्यांची, बदनामी आपली. भारी हिशेब आहे बाप्पा.”

एकताने मेच्या एक तारखेला नेहमीसारखा हप्ता पाठवला. तीन तारखेला पैसे परत आले. सोबत खजिनदार साधनाताईंचा मेसेज, हात जोडलेल्या चिन्हासह : ‘चुकून आले वाटतं. आता नको हं भरूस!’ तिने पुन्हा पाठवले. पुन्हा परत आले. तिसऱ्यांदा तिने साडेसातशे एकदमच पाठवले. या वेळी साधनाताईंनी फोनच केला.

“अगं एकता, ऑडिटरला काय सांगू मी? तुझं खातं बंद झालंय. बंद खात्यावर पैसे येतायत म्हणून तो माझ्याकडे संशयाने बघतोय.”

“मग उघडा ना खातं, ताई.”

“माफ झालेलं खातं उघडत नाहीत.” त्यांचा आवाज बदलला. “आणि हे बघ, मी तुला बोलणारच होते. अंजलीच्या अर्जावर जामीनदार म्हणून तुझं नाव आहे. ते चालणार नाही गं.”

“का?”

“कलम नऊ. जामीनदाराने कर्जाची संपूर्ण परतफेड स्वतः केलेली असावी. तू सेहेचाळीसच भरलेस.”

एकता तेव्हा प्लांटच्या कँटीनबाहेर उभी होती, हेल्मेट काखेत. तिने एकदा समोरच्या टाक्यांकडे बघितलं. “ताई,” ती म्हणाली, “मी भरत होते. तुम्ही भरू दिले नाहीत.”

“ते खरंय,” साधनाताई म्हणाल्या. “पण नियमात ‘भरू न दिल्यास’ असं काही नाहीये.”

मेच्या तिसऱ्या रविवारी समितीची बैठक होती, धारपांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. बाहेर पोहण्याचा तलाव, आत एसी आणि बाकरवडी. एकता आगाऊ न कळवता गेली. पाच जण होते. तिला बघून सगळ्यांना मनापासून आनंद झाला. हेच त्यांचं सगळ्यात चीड आणणारं वैशिष्ट्य.

“ये ये! आमची स्टार आली,” धारप म्हणाले. “बरं झालं आलीस. देणगीदारांसाठी तुझा दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. तुझ्याच शब्दांत. मुद्दे आम्ही देऊ.”

“सर, मला माफी परत करायची आहे.”

धारपांनी बाकरवडी खाली ठेवली. “म्हणजे?”

“म्हणजे माझे दोन हप्ते घ्या, खातं पूर्ण झालं असं लिहा, मी अंजलीचा जामीन भरते. तिचा प्रवेश जातोय. तिने माझ्या शब्दावर नोकरी सोडलीय.”

“अगं बाळा, पण अहवाल छापायला गेला. हे बघ, तुझं पान सहा.”

“मग थांबवा.”

“तसं नाही होत. माफी द्यायचा ठराव आपल्याकडे आहे. माफी परत घ्यायची तरतूदच नाहीये नियमावलीत.” त्यांनी इतरांकडे बघितलं. इतरांनी माना हलवल्या. तरतूद नाही हे ऐकलं की समितीच्या चेहऱ्यावर एक शांतता पसरते.

“कलम नऊ शिथिल करा.”

“ते तर तत्त्व आहे गं आपलं. ज्याने पूर्ण फेडलंय त्यानेच जामीन राहायचं. तू समजूतदार आहेस. माफी मिळालेल्यालाच जामीनदार केलं तर उद्या लोक काय म्हणतील?”

सुबोध नावाचे एक सभासद होते, मवाळ. ते म्हणाले, “एकता, तू हे जरा मनाला लावून घेतेयस असं नाही वाटत? तुमच्याकडे... म्हणजे, ज्या परिस्थितीतून तू आलीस, तिथे एवढी मदत मिळणं...”

“कोणत्या परिस्थितीतून?” एकता म्हणाली.

सुबोध पाणी प्यायले.

“नाही, सांगा ना. कोणत्या? माझी आई तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत होती. तुम्ही माझ्या पायातले बूट काढलेत स्टेजवर, सगळ्यांसमोर. मी गप्प बसले. आता पान सहावर ‘अत्यंत प्रतिकूल’ छापताय. मी आमच्या प्लांटवर काम करते तिथे साधा नियम आहे. लाइन दुरुस्तीला घेतली की वाल्व्हला मी माझं कुलूप घालते, त्यावर माझं नाव. ते कुलूप फक्त मी काढायचं. मॅनेजर असो, मालक असो, दुसऱ्याने हात लावला तर त्याची नोकरी जाते. कारण आत माणूस असतो. हे कर्ज माझं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं काढायला?”

मग ती साधनाताईंकडे वळली. “ताई, तुम्ही हिशेब ठेवता. मला साडेसातशेची माफी मिळाली. त्या दिवशीच्या जेवणाचं बिल किती झालं?”

साधनाताई प्रामाणिक होत्या. खजिनदारात हा दोष असतो. “दोन हजार सहाशे चाळीस,” त्या म्हणाल्या. “हॉल वेगळा.”

“साधना!” धारप म्हणाले.

“विचारलं म्हणून सांगितलं.”

पुढचा अर्धा तास धारप खूप सौजन्याने बोलले. सारांश असा : समितीला एकताच्या भावना समजतात, अंजलीबद्दल सहानुभूती आहे, तिने सिंगापुरात राहणारा, कर्ज पूर्ण फेडलेला दुसरा जामीनदार आणावा. असा माणूस सिंगापुरात एकही उरलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फेडलेले सगळे पुढे निघून गेले होते. ज्यांना फेडता येतं ते एका जागी थांबत नाहीत.

दारापर्यंत साधनाताई सोडायला आल्या. चपला घालताना हळूच म्हणाल्या, “नियमात ‘संपूर्ण’ आहे. ‘वेळेवर’ असं कुठेच नाहीये.” आणि आत गेल्या.

एकता स्टेशनपर्यंत चालत गेली. गाडीत बसल्यावर तिला ते वाक्य कळलं, आणि कळल्यावर तिला इतका राग आला की ती उतरायच्या स्टेशनावर उतरली नाही.

पुढच्या शनिवारी ती पासिर रिसला गेली. चोआ चू कांगहून पासिर रिस म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं टोक, गाडी बदलून दीड तास. रागाला उकळी यायला तेवढा वेळ पुरतो. तिचा तर आधीच उकळलेला होता, वाटेत तो फक्त आटला.

निहारचं घर दहाव्या मजल्यावर. तो एका बँकेत सॉफ्टवेअरचा टीम लीड, हसतमुख, गोरागोमटा, कोणाचंही वाईट न चिंतणारा. दार त्याची बायको मैत्रेयीने उघडलं. आत त्याची सात वर्षांची मुलगी जमिनीवर चित्रं रंगवत होती.

“अरे वा, एकता! कर्जमाफी फेम!” निहार सोफ्यावरून म्हणाला. “बस. चहा? काय नशीब आहे बाई तुझं.”

“निहार, तुझे पैसे भरून टाक.”

“कसले?”

“निधीचे.”

त्याने बायकोकडे एक नजर टाकली आणि हसला. “अगं ते होईल गं. आता तर कशाला घाई? यंदा तुझं झालं, पुढच्या वर्षी माझं होईल. मी धारप सरांना सुचवणारच आहे, दरवर्षी करा म्हणून.”

“तुला जामीन कोण राहिलं होतं, आठवतंय?”

“तो बिचारा कधी मागायला आला नाही. कोणीच मागत नाही गं. तू एकटीच भरत बसलीस.” हे तो चेष्टेनेच म्हणाला. “तू पण ना, फार सिन्सिअर.”

“मैत्रेयी,” एकता म्हणाली, “मला निधीसाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. माझ्याच शब्दांत. देणगीदार बघणार, इथली सगळी मराठी मंडळी बघणार. मी त्यात सांगणार आहे की मी सेहेचाळीस हप्ते भरले, दोन राहिले होते. आणि पासिर रिसला कॉन्डोत राहणाऱ्या आपल्या एका मित्राचे सव्वीस राहिलेत.”

“सव्वीस?” मैत्रेयी म्हणाली.

“अगं, ती उगाच...”

“निहार. सव्वीस काय?”

“हप्ते.”

“तू मला म्हणालास केव्हाच संपलं.”

“जवळजवळ.”

“सव्वीस म्हणजे जवळजवळ?”

जमिनीवरून मुलीने रंगाची पेन्सिल न थांबवता शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, “पप्पा, यू नेव्हर पे आह?”

“तू तुझं काम कर.”

“टीचर से मस्ट पे बॅक, लाह.”

मैत्रेयी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी गेली, फोन घेतला. “खातं कुठलं आहे त्यांचं?” तिने एकताला विचारलं, निहारला नाही. “किती होतात?”

“नऊ हजार सातशे पन्नास.”

“अगं, ते जपानच्या ट्रिपचे आहेत,” निहार म्हणाला.

“जपान जागेवर आहे,” मैत्रेयी म्हणाली आणि बटण दाबलं.

मग एकताने पिशवीतून जामिनाचा फॉर्म काढला, निहारपुढे ठेवला आणि कुठे सही करायची त्या दोन जागा बोटाने दाखवल्या.

“हे काय?”

“तू आजपासून कर्ज पूर्ण फेडलेला माणूस आहेस. सिंगापुरात तू एकटाच.”

“पण मी तिला ओळखतसुद्धा नाही. कोण अंजली? पळून गेली तर?”

“तर तू भरशील,” एकता म्हणाली. “किंवा नाही भरणार. तुला अनुभव आहे.”

मैत्रेयीने त्याच्या हातात पेन दिलं.

घरी परतताना एकताला वाटलं होतं की आता बरं वाटेल. वाटलं नाही. काम झालं होतं, अंजलीचा प्रवेश वाचला होता, पण कागदावर बघितलं तर भरवशाचा माणूस निहार होता आणि एकता ही दयेवर सुटलेली बाई. चार वर्षं दर महिन्याला जे पुसून काढायला ती धडपडत होती, ते निधीने पुठ्ठ्यावर लिहून तिच्याच हातात धरायला दिलं होतं. तिने धरलंही होतं. फोटो आहे.

व्हिडिओ तिने दिला. निहारचं नाव घेतलं नाही. मैत्रेयीला तसा शब्द दिला होता. कॅमेऱ्यासमोर ती दोन वाक्यं बोलली : “मी माझे हप्ते भरत होते. मला माफी नको होती.” तयार व्हिडिओत ती अकरा सेकंद दिसते, ओठ हलतात, मागे बासरी वाजते.

एवढ्या खटाटोपानंतर तिने आईला फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग ते सातशे पन्नास कोनाकडे आहेत आता?”

“माझ्याकडेच. घेतच नाहीत.”

“ठेवू नको घरात,” आई म्हणाली. “अंजलीच्या तिकिटात घाल.”

जूनच्या बैठकीत समितीने निहारचा जामीन आनंदाने मंजूर केला. इतिवृत्तात नोंद आहे : ‘श्री. निहार यांनी कर्जाची संपूर्ण परतफेड एकरकमी करून इतरांपुढे आदर्श ठेवला. विद्यार्थिनी कु. अंजली रामटेके यांच्या स्थानिक पालकत्वाची, आगमनाची व निवासाची जबाबदारी जामीनदार या नात्याने त्यांनी स्वीकारली असून समिती त्यांचे अभिनंदन करते.’ सूचक श्री. धारप. अनुमोदक श्री. सुबोध. खजिनदार साधनाताईंनी मतदान केलं नाही.

अंजली ऑगस्टच्या चार तारखेला आली. तिला घ्यायला चांगी विमानतळावर एकता गेली होती. निहारला मीटिंग होती.